माहेरपणाचे दार आणि स्वयंपाकघराचे दार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचे जुने चिऱ्याचे घर आहे. मुले परगावी गेल्यावर मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंनी चार वर्षांपूर्वी तेथे केवळ स्त्रियांसाठी तीन रात्रींचे निवासी मुक्काम सुरू केले. आम्ही त्यांना ‘माहेरपण’ म्हणतो. सहा खोल्या आहेत, एका खोलीत दोघी, अशा एका वेळी बारा जणी येतात. सकाळी योगासने, दुपारी निवांत झोप, संध्याकाळी किनारा, रात्री गाणी. पाहुण्यांनी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. लेखी धोरण करावे असे आजवर कधी वाटले नव्हते.

आठ दिवसांपूर्वी एका बाईंचा फोन आला. आपण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहोत, म्हणजे जन्माच्या वेळी आपली नोंद मुलगा म्हणून झाली होती, पुण्यात नोकरी करतो आणि फेब्रुवारीच्या मुक्कामाला येऊ इच्छितो, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. “आधीच सांगते, म्हणजे तिथे आल्यावर परत जायला नको,” असेही त्या म्हणाल्या. मी “कळवते” म्हणाले आणि अजून कळवलेले नाही. इतर पाहुण्या त्यांच्याबरोबर खोलीत राहायला तयार होणार नाहीत, असे जाऊबाईंना वाटते. ओळखीच्या एका वकिलांचे म्हणणे असे की, जागा खासगी आहे, कोणाला घ्यायचे हा तुमचा प्रश्न.

दुसरे म्हणजे, डिसेंबरात दोन पाहुण्यांनी “स्वयंपाक कोण करते?” असे विचारले. गावातल्या बौद्धवाडीतली एक मुलगी पहिल्या दिवसापासून आमच्याकडे स्वयंपाक करते. हे कळल्यावर त्या दोघींनी सोवळ्याचे कारण सांगून जेवण नाकारले. वाद नको म्हणून मी तिला दोन दिवस झाडलोट आणि भांडी दिली, आणि स्वयंपाक आम्ही दोघींनी केला. ती काही बोलली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक पाहुणी, ज्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले, खोलीतच बसून राहिल्या. तेही मनाला लागले.

आता लेखी धोरण करायचे ठरवले आहे. त्यात काय असावे? आणि सर्वांना सामावून घ्यायचे म्हटले तर ‘फक्त स्त्रियांसाठी’ हे टिकेल का?

— एक यजमान, दापोली तालुका

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राची सुरुवात फोन केलेल्या बाईंपासून होते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा उल्लेख ‘दुसरे म्हणजे’ असा नंतर येतो. उत्तर देताना मी हा क्रम बदलणार आहे, कारण फोनवरच्या बाईंच्या बाबतीत तुमच्या हातून अजून काही घडलेले नाही, स्वयंपाकघरात मात्र घडून गेलेले आहे. तुम्ही त्यांना मुलगी म्हणता. चार वर्षे तुमच्या पाहुण्यांचा स्वयंपाक एकहाती सांभाळणाऱ्या व्यक्तीला मी बाई म्हणते.

डिसेंबरात भेदभाव केवळ त्या दोन पाहुण्यांनी केला असे समजू नका. जेवण नाकारले त्यांनी, पण एका बाईचे काम तिच्या जातीमुळे काढून घेऊन तिला झाडलोटीवर पाठवण्याचा निर्णय तुमचा होता. तुमच्या मनात तिच्याविषयी आकस नव्हता, हे मला पत्रावरून स्पष्ट दिसते. तुम्हाला वाद टाळायचा होता. परंतु वाद टाळण्याची किंमत कोणी मोजली, हे एकदा शांतपणे पाहा: ज्या दोघींनी अपमान केला त्यांना गरम जेवण मिळाले, जिचा अपमान झाला तिच्या हातात खराटा आला. ती काही बोलली नाही, याचा अर्थ तिला काही वाटले नाही असा होत नाही. रोजगार ज्याच्या हातात असतो त्याच्यासमोर माणूस गप्पच राहतो.

तुमच्या शेजारच्याच मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले गेले, त्याला आता शतक होत आले. त्या परिसरात, स्त्रियांना विसावा मिळावा म्हणून चालवलेल्या घरात, ‘सोवळे’ या शब्दाआडून तोच प्रश्न पुन्हा विचारला जावा, याचे मला फार दुःख झाले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील पालन निषिद्ध ठरवले आहे. हे बंधन शासनाइतकेच तुमच्यामाझ्यावरही आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ हे दोन्ही कायदे अशा वर्तनासाठीच आहेत. त्या बाईंनी तक्रार केली असती तर केवळ पाहुण्यांनाच नव्हे, तुम्हालाही उत्तर द्यावे लागले असते.

एखादीचा उपास असतो, एखादी कांदालसूण खात नाही, एखादी फक्त फळांवर राहते. हा प्रत्येकीचा स्वतःच्या ताटापुरता अधिकार आहे आणि त्याचा मान ठेवावा. परंतु ताट कोणाच्या हातचे असू नये, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही पाहुणीला नाही. हा फरक धोरणात इतक्याच स्पष्ट शब्दांत लिहा: “आमच्याकडे काय शिजते याविषयी प्रत्येक पाहुणी आपली आवड व पथ्य सांगू शकते, कोण शिजवते याविषयी हरकत घेता येणार नाही आणि अशी हरकत घेणाऱ्या पाहुणीचा मुक्काम तेथेच संपेल.” हे वाक्य नोंदणीच्या अर्जावर असू द्या, म्हणजे ज्यांना ते मान्य नाही त्या पैसे भरण्याआधीच दूर राहतील.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः एका स्त्रियांच्या निवासी शिबिरात होते. तेथे भांडी घासणारी बाई सर्वांचे झाल्यावर मागच्या पडवीत एकटी जेवत असे, आणि आम्ही तीस-पस्तीस जणी त्याच वेळी आतल्या खोलीत स्त्रियांच्या समानतेवर चर्चा करीत असू. मला ते दिसत होते. मी काही बोलले नाही. त्याची बोच अजून गेलेली नाही, म्हणून तुमच्याशी एवढ्या कठोरपणे बोलण्याचे धाडस करते.

आता धोरणाकडे वळू. बहुतेक ठिकाणी समावेशनाचे धोरण म्हणजे ‘जात, धर्म, वय, अपंगत्व, लिंगभाव यांवरून आम्ही भेदभाव करीत नाही’ असे एक वाक्य असते. ते खोटे नसते, परंतु प्रसंग आला की त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. तुमच्या धोरणाची पहिली ओळ म्हणून मी तुम्हाला एका प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगेन: आपण पुरुषांना का घेत नाही? तुम्ही ते पत्रात लिहिलेले नाही, पण तुमच्या नियमांतून मला ते वाचता येते. येथे येणारी बाई तीन दिवस कोणाला वाढत नाही, कोणाच्या नजरेचा हिशेब ठेवत नाही, कोणी आपल्याला तोलते आहे अशी धास्ती बाळगत नाही. हे कारण सच्चे आहे आणि त्यासाठी पुरुषांना बाहेर ठेवणे मला योग्य वाटते. पण एकदा हे कारण लिहिले की ते तुमच्या प्रत्येक नियमाला लागू पडते. नजरेच्या आणि तोलण्याच्या त्रासातून सुटका हे जर प्रयोजन असेल, तर तोच त्रास सर्वाधिक सोसणारी स्त्री दारात उभी असताना तिला परत पाठवता येत नाही. आणि आत आलेली एखादी स्त्रीच दुसरीला तोलू लागली, तर ती स्त्री आहे एवढ्यावरून तिला अभय देता येत नाही.

तुमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे उदाहरण घेते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे त्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला, जो १९०० साली हिंगण्याला गेला, त्याने किती जणींचे आयुष्य सावरले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरीही सुरुवातीची वर्षे त्या आश्रमाचे दार प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठीच उघडे होते. त्याच्या बरेच आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. माळी समाजातल्या या दांपत्याने ब्राह्मण विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले आणि त्यांची बाळंतपणे केली. कर्व्यांविषयी मला नितांत आदर आहे. पण स्त्रियांसाठी उघडलेल्या दाराच्या आतही दुसरे दार बंद राहू शकते, हे त्या आश्रमाच्या आरंभीच्या काळाकडे पाहिले की लक्षात येते, आणि तुमच्या घरी ते दुसरे दार स्वयंपाकघराचे निघाले.

‘जागा खासगी आहे’ हा वकीलसाहेबांचा सल्ला अपुरा आहे. तुमच्या घरातल्या सत्यनारायणाला कोणाला बोलवायचे, हा तुमचा खासगी प्रश्न. जाहिरात देऊन, पैसे घेऊन, अनोळखी व्यक्तींना राहायला जागा देणे हा सेवेचा व्यवसाय आहे. अनुच्छेद १५(२) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे येथे प्रवेश नाकारता येत नाही, आणि हे कलम खासगी मालकांनाही लागू आहे. ‘दुकाने’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, सेवा पुरवणाऱ्या खासगी संस्थाही त्यात याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात म्हटले आहे. अनुच्छेद १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देतो, पण ती राज्यसंस्थेला दिलेली आहे. खासगी यजमानाने तिच्यावर विसंबून राहू नये. म्हणूनच पुरुषांना न घेण्याचे कारण लिहून ठेवणे हे केवळ नैतिक समाधानासाठी नाही. खोल्या वाटून घेतल्या जातात, न्हाणीघरे सामाईक आहेत, मुक्काम रात्रीचा आहे, आणि येणाऱ्या स्त्रियांना हवी असलेली मोकळीक अन्यथा मिळत नाही, हे सर्व कागदावर असायला हवे.

कारण सांगता येणे किती महत्त्वाचे ठरते, याचे एक अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. टास्मानियातल्या होबार्ट शहरात मोना नावाचे खासगी संग्रहालय आहे आणि त्यात केवळ स्त्रियांसाठी ठेवलेले एक दालन होते. प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका पुरुषाने तक्रार केली आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने दालन पुरुषांनाही खुले करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला ठेवला आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. वंचित राहिलेल्या गटाला समान संधी मिळावी या हेतूने केलेल्या व्यवस्थेला तेथील कायदा जागा देतो, आणि हे दालन त्या चौकटीत बसू शकते, असे न्यायालयाला दिसले. आपला कायदा वेगळा आहे; तरी ‘आम्हाला वाटले म्हणून’ आणि ‘या कारणासाठी’ यांतले अंतर कोठेही तेवढेच आहे.

आता फोनवरच्या बाईंविषयी. माझे मत निःसंदिग्ध आहे: त्यांना बोलवा, आणि इतर अकरा जणींना ज्या शब्दांत बोलावता त्याच शब्दांत बोलवा. १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात, ज्याला सारे जण ‘नालसा निकाल’ म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्या लढ्यात पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू न्यायालयासमोर मांडली होती. पुढे १० जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, सर्वसामान्य लोकांना उपलब्ध असलेल्या निवासाच्या आणि सेवेच्या बाबतीत भेदभाव करण्यास व्यक्तींना आणि आस्थापनांना मनाई केलेली आहे. या कायद्याचा आजचा मजकूर समोर ठेवून वकिलांकडून लेखी सल्ला घ्या. पण कायदा बाजूला ठेवला, तरी तुमच्या स्वतःच्या कारणाची कसोटी उरतेच. रस्त्यात, बसमध्ये, भाड्याची खोली शोधताना, सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराशी सतत तोलल्या जाणाऱ्या स्त्रीने तीन दिवसांच्या विसाव्यासाठी तुमच्याकडे विचारणा केली आहे. “आल्यावर परत जायला नको,” हे वाक्य ती सहज बोललेली नाही. ते अनुभवातून आलेले आहे.

जाऊबाईंची शंका मी उडवून लावणार नाही. पुरुषांकडून अत्याचार सोसलेली एखादी स्त्री तुमच्याकडे येत असेल आणि अनोळखी व्यक्तीबरोबर झोपण्याच्या कल्पनेनेच तिचा जीव दडपत असेल. तिची भीती खरी आहे. मात्र ती भीती दूर करण्याचा मार्ग दुसऱ्या एका स्त्रीला दाराबाहेर ठेवणे हा नाही, तर सर्वांचाच आडोसा पक्का करणे हा आहे. प्रत्येक न्हाणीघराला आतून बसणारी कडी असावी, खोलीत दोन खाटांमध्ये जाड पडदा असावा, कपडे बदलण्याची जागा एकटीची असावी, आणि सहापैकी किमान एक खोली एकटीने राहू इच्छिणाऱ्या कोणत्याही पाहुणीसाठी, कारण न विचारता, वाजवी दरात राखून ठेवावी. ही खोली पारलिंगी पाहुणीवर लादू नका. “तुम्हाला वेगळी खोली दिली आहे, तेवढेच तुम्हाला बरे,” हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी त्याचा अर्थ तिला नीट कळतो. प्रत्येकीला नोंदणीच्या वेळी एकच प्रश्न विचारावा: एकटीची खोली हवी की सोबत?

तिच्या शरीराविषयी, शस्त्रक्रियेविषयी, कागदपत्रांविषयी काहीही विचारू नका. निवासाच्या नोंदवहीसाठी ओळखपत्र सर्वांकडून घेता, तसे तिच्याकडूनही घ्या. त्यावरचे नाव वेगळे असेल तर ते नोंदवहीतच राहू द्या आणि ती वही पडवीतल्या टेबलावर उघडी पडू देऊ नका. खोलीच्या दारावर, जेवणाच्या यादीत, गाण्यांच्या मैफलीत ती सांगेल तेच नाव. तिने तुम्हाला जे सांगितले ते तुमच्याजवळच राहिले पाहिजे. कोणी पाहुणीने “आणखी कोण कोण येणार आहेत?” असे विचारलेच, तर “बारा जणी येणार आहेत, त्यांच्याविषयी अधिक सांगण्याची आमची पद्धत नाही,” हे उत्तर सर्वांसाठी सारखे असावे. इतर अकरा जणींना फोन करून त्यांची संमती घेण्याचा मोह होईल. तो टाळा. एखादीच्या येण्यावर मत घेतले की ती पाहुणी राहत नाही, ठराव होते.

नियम लिहून न ठेवता मनातच ठेवला तर काय होते, हे अमेरिकेतल्या मिशिगनच्या स्त्रियांच्या संगीत महोत्सवाकडे पाहिले की कळते. १९७६ साली सुरू झालेला हा महोत्सव हजारो स्त्रियांना, विशेषतः समलिंगी स्त्रियांना, वर्षातून एक आठवडा आपले असे गाव मिळवून देत असे. १९९१ साली एका पारलिंगी स्त्रीला तेथून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर जन्मतः स्त्री असलेल्यांसाठीच हा महोत्सव आहे, अशी भूमिका आयोजकांनी मांडली. तिला विरोध म्हणून जवळच दुसरा तळ उभा राहिला, कलाकार आणि प्रेक्षक दुभंगले, आणि २०१५ साली महोत्सव कायमचा थांबला. त्या जागेवर मनापासून प्रेम करणाऱ्या स्त्रिया दोन्ही बाजूंना होत्या, म्हणून मला ही हकिकत विशेष क्लेशदायक वाटते. तुमच्या जाहिरातीत आतापासूनच एक साधे वाक्य घाला: “हा मुक्काम स्त्रियांसाठी आहे, पारलिंगी स्त्रिया यात आल्याच.” पुढच्या बाईला फोनवर आधी कबुली द्यावी लागणार नाही.

हळदीकुंकवाची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, कारण ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांशी निगडित अनिष्ट प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. एका गावाला जे जमले ते बारा जणींच्या घराला जमू शकते. संक्रांतीला प्रत्येकीला तिळगूळ, प्रत्येकीला वाण, आणि कुंकू लावायचे की नाही हे जिचे तिने ठरवावे. ‘सुवासिनींसाठी’ हा शब्द तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतून काढूनच टाका. ओळखीच्या वेळी “मिस्टर काय करतात?”, “मुले किती?” हे प्रश्न यजमानांनी तरी विचारू नयेत, अविवाहित, घटस्फोटित, मूल नसलेल्या आणि मैत्रिणीबरोबर संसार करणाऱ्या स्त्रियांना याच दोन प्रश्नांपासून सुटका हवी असते. सकाळी स्तोत्र म्हणत असाल तर ते ऐच्छिक आहे असे आधी सांगा, म्हणजे मुसलमान किंवा ख्रिस्ती पाहुणीला बाजूला उठून जाण्याचा संकोच होणार नाही, आणि नमाजासाठी एक शांत कोपरा तुमच्या घरात सहज निघेल. पाळीविषयी कोणी काही विचारू नये; न्हाणीघरात झाकणाचा डबा आणि कागद ठेवा, तेवढे पुरे.

अपंग स्त्रियांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, बहुधा अशी पाहुणी अजून आलेली नसावी. जुन्या चिऱ्याच्या घराला जोते उंच असते, पायऱ्या असतात, किनाऱ्याकडची वाट घसरडी असते. हे वाचूनच कित्येक जणी फोन करीत नसतील. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात वाजवी सोय करून देण्याची कल्पना आहे, आणि ती फार खर्चाची असतेच असे नाही. पायऱ्या मोजून त्यांची संख्या जाहिरातीत द्या, एका खोलीला उतार आणि न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा, मदतनीस स्त्री सोबत आली तर तिचे केवळ जेवणाचे पैसे घ्या. एखादीला उचलून बसवण्यासाठी नेहमी तिचा नवराच लागत असेल, तर गावातल्या दोघींना आधी शिकवून तयार करता येईल का, हे तिच्याशीच बोलून ठरवा.

‘पुरुष नाहीत’ असे लिहिता, ते खरे असू द्या. नारळ पाडायला येणारा, पंपाची दुरुस्ती करणारा, मासे घेऊन येणारा, तुमचे दीर, यांच्या येण्याच्या वेळा ठरवा आणि पाहुण्यांना आदल्या दिवशी सांगा. मुलग्यांना आईबरोबर येऊ द्यायचे असेल तर वयाची अट घाला, किंवा वर्षातून दोन मुक्काम लेकरांसह ठेवा. लहान मूल घरी ठेवता येत नाही म्हणून कधीच माहेरपण न मिळालेल्या आया पुष्कळ आहेत.

तक्रारीचा मार्ग लिहिल्याशिवाय धोरण पुरे होत नाही, आणि येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. तक्रार तुमच्याकडेच करायची असे ठरवले, तर डिसेंबरात त्या बाईंनी कोणाकडे जायचे होते? तुमच्या व्यवसायाशी आर्थिक संबंध नसलेली, गावातली किंवा तालुक्यातली एखादी निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका, जिचा शब्द तुम्ही मानाल, तिचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक स्वयंपाकघरातही लावा आणि खोल्यांतही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या तुमच्यासारख्या ठिकाणांसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिची माहितीही त्याच कागदावर असावी. दुसऱ्या पाहुणीला किंवा कामावरच्या बाईला हिणवणाऱ्या पाहुणीला एकदा समज द्यावी, न ऐकल्यास मुक्काम संपवावा आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार नाहीत, हे अर्जातच लिहावे. मात्र रात्री कोणालाही घराबाहेर काढू नका. सकाळी गाडी करून द्या.

हे सारे लिहून काढण्याआधी दोन कामे करायची आहेत. पहिले स्वयंपाकघरात. जाऊबाईंना सोबत घ्या, त्या बाईंना खाली बसवा, स्वतः त्यांच्याजवळ बसा आणि “डिसेंबरात आम्ही तुमच्यावर अन्याय केला, तसे पुन्हा होणार नाही,” एवढेच सांगा. ‘पण’ हा शब्द त्यात येऊ देऊ नका. मग धोरणाचा मसुदा त्यांना वाचून दाखवा आणि त्यांना काय घालावेसे वाटते ते विचारा. त्या घरात कोणाचे वागणे कसे असते, हे तुमच्यापेक्षा त्यांनी जास्त जवळून पाहिले आहे. त्या आज काही बोलल्या नाहीत तर घाई करू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा.

मग पुण्याला फोन लावा. उत्तर द्यायला उशीर झाला याबद्दल क्षमा मागा, कारणे सांगत बसू नका. फेब्रुवारीच्या मुक्कामात त्यांची जागा पक्की आहे असे सांगा, गाडी कोठून मिळते आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत पोचावे ते कळवा, एकटीची खोली हवी की सोबत हे विचारा, आणि मासे खातात का तेही विचारून घ्या. ते तुम्ही प्रत्येकीला विचारत असालच.